आधी उघडून बघायचं

त्यांच्या घरात कुणाकडे बोट दाखवायची सोय नव्हती. बोटच काय, चमचा, छत्री, टीव्हीचा रिमोट, केस वाळवायचं यंत्र, काहीच नाही. त्यांच्याकडे खोली भाड्याने घेतली त्या पहिल्याच संध्याकाळी जेवताना मी चमच्याने आमटीचं पातेलं दाखवून काकूंना म्हटलं, "जरा देता का?" तर टेबलाच्या पलीकडून काकांचा आवाज आला, "नळी कुणाकडे आहे?"

"कसली नळी?"

"हातात आहे ती. चमचा म्हण. काकूंच्या छातीवर रोखलायस. खाली कर आधी."

काकू आमटी वाढत म्हणाल्या, "कर गं खाली. तू करेपर्यंत ते जेवायचे नाहीत."

मी केला. त्यांनी मान डोलावली आणि भात कालवायला घेतला. सिंगापुरात चोआ चू कांगच्या त्या घरात मी तीन वर्षं राहिले. त्या माणसाचा मला अजून राग येतो. राग येतो म्हणूनच लिहायला बसले आहे. चांगलं सांगण्यासारखंही बरंच आहे, तेही सांगेन, पण रागासकट सांगेन. राग बाजूला ठेवून त्यांच्याबद्दल बोलणं मला जमणार नाही.

काका लष्करात कधीच नव्हते. बंदराच्या मालवाहतुकीचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत मॅनेजर होते. डोक्यावर केस नाहीत, घरात कायम खाकी हाफपँट, आणि चष्म्याला दोरी. गाव साताऱ्याकडचं, घराणं जमीनजुमल्याचं. गावच्या घरात आजोबांच्या वेळेपासूनची बारा बोअरची दुनळी बंदूक होती, तिचा परवाना आता थोरल्या भावाच्या नावावर होता. इथे सिंगापुरात मात्र त्यांना रविवारीच बंदूक भेटायची, नेमबाजीच्या क्लबात. तिथली बंदूक तिथेच, काडतुसं तिथेच, मोजून घ्यायची, मोजून परत द्यायची. घरी येताना काकांच्या हाताला फक्त वास असायचा. तो वास धुवायचा नाही म्हणून ते रविवारी दुपारी चमच्याने जेवायचे.

आणि आठवडाभर शिकवायचे. कुणालाही. मिक्सर दुरुस्त करायला आलेल्या माणसाला, गणपतीला आलेल्या पुण्याच्या इंजिनिअर पोरांना, मला. "पहिला नियम. प्रत्येक बंदूक भरलेली असते. रिकामी बंदूक या जगात नाही. दुसऱ्याने हातात दिली आणि म्हणाला, रिकामी आहे, तर काय करायचं?"

"उघडून बघायचं."

"तो तुझा सख्खा बाप असला तर?"

"तरी उघडून बघायचं."

"तुझ्यासमोर त्याने उघडून दाखवली असली तर?"

"तरी हातात आल्यावर परत आपण उघडून बघायचं."

"शाब्बास." मग पुढचे नियम. नळी कुणाकडे नाही. निशाणा पक्का होईपर्यंत बोट चापावर नाही. आणि निशाण्याच्या मागे काय आहे ते माहीत असल्याशिवाय बार नाही. वाळत घालायच्या कपड्यांचा बांबू खिडकीबाहेर काढतानाही ते आधी खाली वाकून बघायचे. हे सगळं बरोबरच होतं. त्या माणसाने मला एकही चुकीची गोष्ट शिकवली नाही, हीच तर अडचण आहे.

त्यांचा लाडका शब्द होता 'समजा'. पाहुण्याचा चहा संपला की सुरू. "समजा, घरात कोणी शिरलं. तू काय ठेवशील?"

"काका, इथे? दहाव्या मजल्यावर?"

"इथलं कोण बोलतंय! तुझ्या गावच्या घराचं म्हणतोय. समजा."

पोरगं बिचारं म्हणायचं, "रिव्हॉल्व्हर."

"सिनेमा बघतोस. घाबरलेल्या हातात आखूड नळी थरथरते, आणि गोळी भिंत फोडून पलीकडे जाते. पलीकडे कोण झोपलंय? तुझी आई. मग? दुनळी घेशील? ठीक. मोडून बघता येते, भरलीय की नाही ते डोळ्याला दिसतं. पण ठेवशील कुठे? बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ल्या तिसरीकडे. एवढं होईपर्यंत चोर चहा पिऊन जाईल. म्हणून आधी काय? आधी दार! चांगलं दार, चांगली कडी, अंगणात दिवा, एक भुंकणारं कुत्रं. बंदूक सगळ्यात शेवटी. आणि दर महिन्याला सराव करायला वेळ नसेल तर शेवटीसुद्धा नाही."

त्यांची मुलगी सोफ्यावर पाय घेऊन फोन बघत असायची. ती मान वर न करता म्हणायची, "पा, हू विल रॉब अस? वी हॅव ओन्ली राइस, लाह."

हे खरं होतं. भांडारघरात तांदळाची पोती होती, पाण्याचे कॅन होते, बॅटऱ्या, शिट्ट्या, डबाबंद मासे, मेणबत्त्या, आणि खोकी भरभरून मास्क. 'तयारी' म्हणायचे ते त्याला. एका वर्षी शेजारच्या देशातल्या जंगलांचा धूर आला. समोरची इमारत दिसेना, दुकानांतले मास्क संपले, लोक ओढणी नाकाला बांधून एमआरटीच्या गाडीत बसायला लागले. त्या दिवशी काका खोकी घेऊन आमच्या मजल्यावरच्या दारोदार गेले. शेजारच्या मलाय आंटीला दिले, कोपऱ्यातल्या दम्याच्या चिनी अंकलना स्वतः नाकावर बसवून दाखवले. पैशाचं नाव काढलं नाही. आंटीने दुसऱ्या दिवशी केक आणला तर म्हणाले, "समजा म्हणत होतो ना मी!" त्या दिवशी मी त्यांना मनातून मानलं. ते खोटं नव्हतं. आजही मानते तेवढ्यापुरतं.

पण त्या 'समजा'चा मला पहिल्यापासून संताप यायचा आणि का यायचा ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मी परभणीकडची. माझा बाप साखर कारखान्यात गव्हाणीवर, ऊस टाकायच्या हंगामी कामाला होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आमच्या वस्तीत इंजिनिअर झालेली पहिली, आणि परदेशात प्रयोगशाळेत नोकरी लागलेली तर अख्ख्या तालुक्यात कोण असेल मला माहीत नाही. हे मी मिरवते. मिरवणारच. बुओना व्हिस्टाच्या त्या काचेच्या इमारतीत पाणी गाळायच्या पडद्यांवर काम करताना गळ्यात माझ्या नावाचं कार्ड असतं, ते मी कँटीनमध्येसुद्धा काढत नाही.

आमच्या गावातही एक दुनळी होती. गावातल्या मोठ्या घरात. दसऱ्याला तिची पूजा व्हायची आणि मग मिरवणूक मुद्दाम आमच्या वस्तीवरून यायची. आमच्याकडे त्याच दिवशी आई पांढरी साडी नेसून विहारात निघालेली असायची. विहारासमोर आले की हवेत बार काढायचे. एकदा सोडून दोनदा. लहान पोरं गोधडीत शिरायची. मीही शिरायचे. बाप मात्र दारात उभा राहायचा, हात मागे बांधून, मिरवणूक जाईपर्यंत. हलायचा नाही आणि बोलायचाही नाही. त्या बंदुकीच्या परवान्यावर म्हणे लिहिलेलं असायचं, स्वसंरक्षणासाठी. कोणापासून हो? आमच्यापासून?

एकदा पाहुण्यांसमोरच मी काकांना म्हटलं, "काका, समजा, दाराबाहेर जी उभी आहे ती मीच आहे."

ते गोंधळले. "तू कशाला बाहेर उभी राहशील? तुझ्याकडे किल्ली आहे."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना कळलं होतं. त्या उठून भांडी घासायला गेल्या.

मला सांगायचं एवढंच आहे की या शहरात मला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटेनाशी झाली होती. प्रयोग लांबला की शेवटच्या गाडीने एकटी यायचे, पुलाखालून चालत यायचे, मागून पावलं वाजली तर वळून बघायचे नाही. आमच्या गावात हे मी बारावीपर्यंत केलं नाही. आणि नेमकी अशी जागा मिळाली तर घरमालक असा, जो रोज जेवणाबरोबर भीती वाढतो! ती त्यांचीही नव्हती, आजोबांची होती. जमीन राखणाऱ्यांची भीती. तिला ते 'तयारी' म्हणायचे.

तिसऱ्या वर्षी दसऱ्याला मी घरी जाणार होते. काकांना रजा नव्हती. निघायच्या आदल्या दिवशी ते माझ्या दाराशी आले, चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत.

"एक काम होतं. भाऊ पुण्यात तुला भेटेल. खंडेनवमीच्या पूजेची डबी देईल, प्रसादाची. हाताएवढीसुद्धा नाही. आईची फार इच्छा आहे, एकदा तरी देवाची डबी माझ्या इथल्या देव्हाऱ्यात यावी. ती आता अंथरुणाला खिळलीय. आणशील?"

मी हो म्हटलं. म्हाताऱ्या बाईच्या इच्छेला नाही कशी म्हणणार!

परतीला बाप मला सोडायला पुण्यापर्यंत आला. संध्याकाळचं विमान मुंबईहून होतं, टॅक्सी सांगून ठेवली होती. शिवाजीनगरच्या स्टँडबाहेर चहाच्या दुकानात काकांचे भाऊ भेटले. पांढरे कपडे, मिशी, गाडी बाहेर उभी. लाल फडक्यात बांधलेली डबी त्यांनी टेबलावर ठेवली आणि फडक्याची गाठ जरा घट्ट केली.

"तुमचं आडनाव काय म्हणालात ताई?"

मी सांगितलं.

"अच्छा." ते हसले. हात जरा मागे घेतला. "बरं, एवढं करा. सोवळ्यातलं आहे. उघडू नका मधे. तिकडे गेल्यावर धाकटे मालक उघडतील, अंघोळ करून."

चहा अर्धाच टाकून ते गेले. मी डबी बॅगेत घालायला उचलली आणि हात थांबला. वजन जास्त वाटलं म्हणून नाही. 'उघडू नका' म्हणाले म्हणून. दुसऱ्याने हातात दिली आणि म्हणाला रिकामी आहे, तर काय करायचं? तीन वर्षं रोज ऐकलेलं. मी गाठ सोडली.

आत आपट्याची पानं, हळद-कुंकू, अंगारा. आणि त्याच्यात आडवं ठेवलेलं काडतूस. लाल कागदी नळी, पितळी बूड, बुडावर कुंकवाचं बोट.

बाप खुर्चीवरून उठला. एक पाऊल मागे सरकला. साठीचा माणूस, आयुष्यभर ऊस ओढलेला. दारात हात मागे बांधून उभा राहायचा तसाच उभा राहिला, पण यावेळी भिंतीला टेकून.

"बार काढायचं हाय ते," तो हळू म्हणाला. "झाक पोरी, झाक. हात लावू नको त्याला. आपल्या हातात घावलं तर आपलंच ठरतंय."

मला अजून हे वाक्य ऐकू येतं. आपल्या हातात घावलं तर आपलंच ठरतंय. मुंबईच्या विमानतळावर बॅग यंत्रातून गेली असती. पोलिसांनी विचारलं असतं, कुणाचं? मी म्हटलं असतं, घरमालकाच्या देवाचं. कुणी ऐकलं असतं? आणि समजा, काकांचा शब्द वापरते, समजा तिकडे कुणाचं लक्ष गेलं नसतं आणि चांगीला, सिंगापूरच्या विमानतळावर सापडलं असतं, तर? या देशात एका काडतुसाने काय होतं ते इथे राहणाऱ्या कुणालाही विचारा. नोकरी गेली, इथे राहायचा पास गेला, हे तर फार थोडक्यात सुटणं झालं असतं. गळ्यातलं कार्ड, बापाच्या गव्हाणीवरचे हंगाम, आईने विहारात वाटलेले पेढे, सगळं त्या एवढ्याशा डबीत भरलेलं होतं.

मी डबी टेबलावर बंद करून ठेवली आणि काकांच्या भावांना फोन लावला. ते कात्रजच्या पुढे गेले होते.

"परत या."

"अहो ताई, देवाचं आहे ते. दर वर्षी एक ठेवतो आपण. शस्त्राचा मान असतो."

"परवाना तुमच्या नावावर आहे. तुम्हीच येऊन हातात घ्या. नाहीतर मी इथूनच पोलीस बोलावते आणि तुमचं नाव, गाव सांगते."

ते आले. वाटेत गर्दी होती, आमची टॅक्सी ताटकळत उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, विमान मिळणार की चुकणार कळेना. बाप त्या टेबलाकडे पाठ करून बसला होता. भावांनी डबी उचलली, फडकं नीट बांधलं. मला वाटलं, आता माणूस काहीतरी म्हणेल. निदान खाली बघेल.

ते म्हणाले, "पण तुम्ही उघडलंच का?"

मी त्यांना काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. बाप मात्र मान वर करून माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं हसू होतं.

विमान मिळालं.

चोआ चू कांगला पोचले तर काका अंघोळ करून, धूतवस्त्र नेसून दारात. देव्हाऱ्यापुढे पाट मांडलेला. "आली? डबी?"

"तुमच्या भावाला परत दिली. आत काडतूस होतं."

काकू हातात निरांजन घेऊन देव्हाऱ्यापाशी उभ्या होत्या. काका म्हणाले, "जुनं असेल. आजोबांच्या वेळचा साठा आहे तो. दमट झालेला. फुटायचं नाही ते."

"काका! रिकामी बंदूक या जगात नाही असं कोण सांगतं?"

"बंदुकीचं वेगळं. हे पूजेतलं आहे. भाऊ कशाला तुला अडकवेल? घरातलं माणूस आहे."

"तुमच्या घरातलं! आणि सख्ख्या बापाने दिली तरी उघडून बघायची, हेही तुमचंच. बंदूक एका कुलपात, काडतूस दुसऱ्या कुलपात, हेही तुमचंच. फडक्यात बांधून परक्या पोरीच्या बॅगेत, हा कितवा नियम?"

"मला काय माहीत ते यंदा ठेवतील..."

आणि इथे काकू बोलल्या. तीन वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही. निरांजन पाटावर ठेवून म्हणाल्या, "माहीत नव्हतं कसं? गेल्या खेपेला आपण गावाहून निघालो तेव्हा सासूबाई हीच डबी देत होत्या. तुम्हीच म्हणालात, राहू दे आई, विमानात भानगड नको."

मुलगी खोलीच्या दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "पा. सीरियसली?"

काकांनी चष्मा काढला. दोरीला लोंबकळत राहिला. तोंड उघडलं. बहुतेक 'समजा' म्हणणार होते. मी बॅग उचलून खोलीत गेले आणि दार लावलं.

त्यांनी मला अडकवायचं ठरवलं असेल असं मी म्हणत नाही. तसं असतं तर राग सोपा होता. त्यांना आईची इच्छा दिसली, देव्हारा दिसला, आणि मी दिसलेच नाही. निशाण्याच्या मागे काय आहे ते बघितल्याशिवाय बार काढायचा नाही म्हणणारा माणूस! बांबू बाहेर काढतानाही खाली वाकून बघणारा. मागे कोण उभं आहे ते त्यांनी बघितलंच नाही. स्वतःच्या बॅगेत जी भानगड होती, ती माझ्या बॅगेत प्रसाद झाली.

महिना संपला तशी मी तिथून लांब, यिशुनला दुसरी खोली घेतली. निघायच्या दिवशी काका कामावर गेले नाहीत. माझ्या बॅगा लिफ्टपर्यंत नेल्या. मी नको म्हटलं तरी नेल्या. क्षमा वगैरे शब्द त्या माणसाच्या तोंडात कधी नव्हता, तेव्हाही आला नाही. लिफ्टपाशी त्यांनी बॅगा जमिनीवर ठेवल्या आणि एकेक चेन उघडायला लागले. कपडे, पुस्तकं, चपला. प्रत्येक कप्पा उघडून माझ्याकडे वळवून धरायचे, मी बघेपर्यंत थांबायचे, मग बंद करायचे. क्लबात बंदूक दुसऱ्याच्या हातात देताना करतात तसं. शेजारची मलाय आंटी दारातून बघत होती. शेवटी काकूंनी दिलेला लाडवांचा डबा. झाकण काढलं, डबा तिरपा केला, आतले लाडू दिसतील असा.

"बघून घे," ते म्हणाले. डब्याचं तोंड त्यांनी माझ्याकडे केलं नव्हतं. भिंतीकडे होतं, नळी धरावी तसं.

मी बाजूने वाकून बघितलं. लिफ्ट आली.

खाली टॅक्सी यायला वेळ होता. इमारतीसमोरच्या उघड्यावरच्या दगडी बाकावर बसले, सगळ्या बॅगांच्या सगळ्या चेनी पुन्हा उघडल्या, प्रत्येक कप्प्यात हात घालून बघितलं. मग डबा उघडला आणि लाडू एकेक करून झाकणात काढून तळ बघितला. वर दहाव्या मजल्याच्या कठड्याला काका वाकून उभे होते, मी काय करतेय ते बघत होते. मला माहीत होतं. मी मुद्दाम सावकाश केलं.